सातबाऱ्यावर देवाचं नाव: जमीन त्याची, पण बोलायचं कुणी?

माळावरची_बाभूळ

वडील जाऊन चार महिने झाले. वारस नोंदीसाठी गावी गेले होते. कृष्णाकाठचं गाव आमचं. तलाठी कार्यालयात आमच्या गटाबरोबर शेजारच्या गटाचाही उतारा छापून आला. परत द्यायच्या आधी सहज नजर टाकली, तर भोगवटादाराच्या जागी लिहिलेलं, 'श्री भैरवनाथ देव'. त्याखाली वहिवाटदार म्हणून गुरवांच्या घरातलं एक नाव, आणि 'देवस्थान इनाम वर्ग ३'. त्या रानाला आम्ही लहानपणापासून 'देवाचं रान' म्हणतो. तरी सरकारी कागदावर, वडिलांच्या नावाच्याच आकाराच्या अक्षरांत देवाचं नाव बघितल्यावर मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले.

आमच्या स्वतःच्या जुन्या फेरफारात एक नोंद आहे. आजोबा गेले तेव्हा वडील नऊ वर्षांचे होते. त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि त्यांच्या चुलत्यांचं नाव. अज्ञान पालनकर्ता. वडील सांगायचे, अठरावं सरलं त्याच आठवड्यात ते चावडीवर गेले, ती तीन अक्षरं कमी करून घेतली आणि संध्याकाळी चुलत्यांसमोर बसून नऊ वर्षांचा हिशोब मागितला. विहिरीकडचा तुकडा खंडाने कुणाला दिला होता, खंड किती आला, कुठे गेला. भांडण झालं, दोन दिवाळ्या येणंजाणं बंद होतं, पण हिशोब मिळाला.

देवाच्या रानात आज ऊस उभा आहे. चांगला, माणूस बुडेल एवढा. तो गुरवांनी लावलेला नाही. गावातल्याच एका बड्या माणसाने रान खंडाने घेतलंय आणि कारखान्याकडची ऊस नोंद त्याच्या नावावर आहे. आणि देवळात पावसाळ्यात गाभाऱ्याच्या कोपऱ्यात घागर ठेवावी लागते, छत गळतं म्हणून.

तेव्हापासून मला झोपेतही हाच प्रश्न पडतोय. जो दिसत नाही, बोलत नाही, सही करत नाही, तो मालक कसा असतो? ही वस्तुस्थिती आहे की सोय? सोय असेल तर कुणाची? वडील अठरा वर्षांचे झाले. भैरवनाथ सज्ञान कधी होणार?

मी कायदा शिकलेले नाही, शाळेत गणित शिकवते. पण मला काय वाटतं ते आधीच सांगते. देव आहे की नाही, हा इथला प्रश्न नाहीच. कायद्याने एक पाट मांडून ठेवलाय. पाटावर कुणी बसलेलं दिसत नाही, पण ताट तिथेच वाढलं जातं. वाढलेलं ताट उचलून नेतं कोण, हे मला समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

हिशेबनीस

चांगला धागा. मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे न दिसणाऱ्या मालकांशी माझा रोजचाच संबंध. कंपनी तरी कुठे दिसते? कारखान्याची इमारत दिसते, संचालक दिसतात, पाटी दिसते. कंपनी म्हणजे यातलं काहीच नाही. लंडनमध्ये सॅलोमन नावाचा एक बूट बनवणारा होता. त्याने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. २०,००७ शेअरांपैकी २०,००१ त्याचे, उरलेले सहा बायकोमुलांचे, प्रत्येकी एक. कंपनी बुडाल्यावर तिच्याकडून पैसे येणं असलेले लोक म्हणाले, कंपनी म्हणजे सॅलोमनच की, त्याच्याकडून वसूल करा. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की नाही, तो वेगळा आणि कंपनी वेगळी. सगळं जग आजही त्या निकालावर चालतंय.

आणि देवाला तर आयकरसुद्धा लागू होतो. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की देवता हा करआकारणीचा स्वतंत्र घटक असू शकतो, कर सेवाइतांमार्फत भरायचा. (सेवाइत म्हणजे बंगालकडचे वहिवाटदार.) त्यामुळे तुमचा 'मालक कसा' हा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही. माणसं एकत्र राहतात तिथे अशा गोष्टी मानाव्याच लागतात. पैसा तरी काय आहे?

विवेकवारी

हिशेबनीस, कंपनीची तुलना पटली नाही. कंपनी मानलेली आहे हे संचालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. कंपनीला नवस बोलायला कुणी जात नाही. देवाच्या बाबतीत लोक ते खरंच आहे असं मानतात आणि न्यायालय त्या मानण्यावर शिक्का मारतं. धर्मनिरपेक्ष राज्याने असं का करावं? मी बुद्धिवादी कुटुंबात वाढलो. मला हे भाषेचं फसणं वाटतं. 'देवाचं रान' हा शब्दप्रयोग आधी आला, मग कुणीतरी त्याचा अक्षरशः अर्थ घेतला, आणि शेवटी तो सातबाऱ्यावर चढला. तर्काने बघितलं तर त्या रानाचा मालक गाव आहे. तसं सरळ लिहा.

शब्दप्रमाण

विवेकवारी, तुम्ही जे म्हणता ते तुमच्या आधी जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वी एका कट्टर वेदनिष्ठ माणसाने म्हणून ठेवलंय, म्हणून राहवलं नाही. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. मीमांसेत, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, शबरस्वामींचं भाष्य आहे. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला प्रश्न येतो की देवतेला शरीर असतं का, ती खाते का, तिच्या मालकीचं काही असतं का. पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढायचं समोरच्याचं मत, म्हणतो, असतंच की, लोक 'देवग्राम', 'देवक्षेत्र' म्हणतात ना? शबरस्वामी उत्तर देतात, 'उपचारमात्रम्'. नुसता बोलण्याचा प्रकार. पुढचं वाक्य तर सोन्याचं आहे. जो एखादी वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरू शकतो, ती त्याची. आणि देवता गाव किंवा शेत आपल्या इच्छेप्रमाणे वापरत नाही: 'न च ग्रामं क्षेत्रं वा यथाभिप्रायं विनियुङ्क्ते देवता'.

वर्गात हे शिकवताना मुलं चमकायची. यज्ञ करणाऱ्यांचा हा आचार्य देवाला शरीर नाही म्हणतो, मालमत्ता नाही म्हणतो. त्याला कर्म महत्त्वाचं, देवता म्हणजे मंत्रातला शब्द. तेव्हा 'देव मालक आहे' ही आपली सनातन परंपरा, असं सरसकट म्हणता येणार नाही. परंपरेच्या आतच याचा वाद आहे.

बाभूळताई, तुमच्या पाटाच्या मुद्द्यावरही त्यांचं म्हणणं आहे. लगेच पुढे ते सांगतात की देवतेला उद्देशून जे सोडलं जातं, त्यातून देवाच्या परिचारकांचा निर्वाह होतो. एवढंच घडतं, असं त्यांचं सरळ निरीक्षण.

माळावरची_बाभूळ

शब्दप्रमाण सर, हे वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका आहे. इच्छेप्रमाणे वापरतो तोच मालक, ही व्याख्या घेतली तर माझे वडील नऊ वर्षांचे असताना मालक नव्हते का? त्यांना कुणी विचारत नव्हतं. पाळण्यातलं मूल तर शेत म्हणजे काय तेही जाणत नाही. तरी त्याचं नाव लागतं, आणि लागतं म्हणूनच नंतर त्याला जाब विचारता येतो. मालकी म्हणजे वापर नसून वापर करणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क असेल तर?

शब्दप्रमाण

ताई, शबरस्वामींनाही यावर थोडं थांबावं लागलं असतं. मुलाच्या बाबतीत इच्छा पुढे येणार असते, असं मीमांसक म्हणेल. देवतेच्या बाबतीत ती कधीच येणार नाही. तिथे तुमचा 'सज्ञान कधी होणार' हा प्रश्न फार बोचतो.

काळा_कोट

जिल्हा न्यायालयात वीस वर्षं दिवाणी वकिली करतोय. यातल्या निम्म्या गोष्टी रोज हाताखालून जातात आणि त्यांचा असा विचार करायला सवड होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे देव ही कायद्याने मानलेली व्यक्ती, म्हणजे 'न्यायिक व्यक्ती', ही कल्पना आपल्याकडच्या न्यायालयांत ठळकपणे मांडली गेली ती आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात, १८८७ साली, डाकोरच्या रणछोडरायाच्या खटल्यात. भाविकांपुढचा प्रश्न ताईंचाच होता: देवापुढे येणारं द्रव्य सेवकांचं खाजगी उत्पन्न आहे का? सेवक म्हणत होते, आमचंच. न्यायालयाने रोमन कायद्याचा दाखला देत सांगितलं की हिंदू कायदाही अशा न्यायिक व्यक्ती मानतो, आणि सेवक हे द्रव्य विश्वस्त म्हणून धरतात, त्यांनी हिशोब द्यायला हवा. म्हणजे देवाला व्यक्ती म्हटलं गेलं ते देवभक्तीपोटी नव्हे. पुजाऱ्याला 'हे तुझं नाही' असं सांगता यावं म्हणून. विवेकवारी, याचा जरूर विचार करा.

दुसरा खटला कोलकात्याच्या मलिक घराण्याचा. घरचे ठाकूर, भावाभावांत पूजेच्या पाळ्या. एका भावाचं म्हणणं, माझ्या पाळीत मूर्ती मी माझ्या घरी नेणार. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. १९२५ साली त्यांनी सांगितलं की मूर्ती ही काही जंगम वस्तू नाही, कुठे राहायचं याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. मग ती इच्छा कळणार कशी? तर जिचा या भांडणात स्वार्थ नाही अशी व्यक्ती देवाच्या बाजूने वादमित्र म्हणून नेमा आणि पुन्हा ऐका, असा आदेश दिला. भावांपैकी कुणालाही देवाचं तोंड होऊ दिलं नाही.

आता 'सज्ञान कधी होणार'. कधीच नाही. कायद्यात देवतेची स्थिती अज्ञानासारखी धरली जाते आणि ती कायमची असते. मग पालनकर्त्यानेच खाल्लं तर? १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने राधावल्लभजींच्या प्रकरणात सांगितलं की वहिवाटदारच देवाच्या हिताविरुद्ध वागत असेल, तर साध्या भाविकालाही देवाच्या वतीने दावा लावता येतो.

आणि सहा सप्टेंबर २०२१चा मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांबाबतचा निकाल तर थेट सातबाऱ्याशी जोडलेला आहे. मालकाच्या रकान्यात फक्त देवतेचं नाव, पुजारी हा देवतेच्या वतीने जमीन बघणारा सेवक, त्याचं नाव तिथे लागण्याचं कारण नाही. त्याच निकालात हेही आहे की देऊळ सरकारकडे निहित नसेल, तर जिल्हाधिकाऱ्याचं नाव व्यवस्थापक म्हणून सरसकट घालता येणार नाही. ही दुसरी बाजू लोक विसरतात.

एक गोष्ट अजून. या कल्पनेला मर्यादा आहे, आणि ती नऊ नोव्हेंबर २०१९च्या अयोध्या निकालात स्पष्ट दिसते. रामलल्ला विराजमान यांना न्यायालयाने व्यक्ती मानलं, पण 'जन्मस्थान' या दुसऱ्या वादीला, म्हणजे खुद्द जमिनीला, व्यक्ती मानायला नकार दिला. जमीनच व्यक्ती झाली तर तिच्यावरचे इतरांचे सगळे दावे एका फटक्यात निकालात निघतात, असा त्यामागचा विचार. शेवटी जागा कुणाला मिळाली यावर आपली मतं काहीही असोत, पण 'व्यक्ती' या शब्दाने समोरच्याचं तोंड बंद करता येऊ नये, ही काळजी मला महत्त्वाची वाटते.

कुळाचा_नातू

एरवी नुसता वाचतो, आज लिहितोय.

माझे आजोबा देवस्थानच्या जमिनीत कूळ होते. सव्वा एकर. नांगर त्यांचा, बैल त्यांचे, विहिरीवरची मोट त्यांची. १ एप्रिल १९५७ला कृषक दिन झाला. कसणारी कुळं त्या दिवशी कायद्याने मालक मानली गेली. वाडीतल्या आठदहा घरांची कुळं मालक झाली, आमचं घर राहिलं. कारण ट्रस्टच्या जमिनीला कूळकायद्याच्या ८८ब कलमाखाली सूट. त्यासाठी दाखला लागतो, आणि दाखल्याची अट अशी की सगळं उत्पन्न ट्रस्टच्या कामासाठीच खर्च होत असलं पाहिजे.

त्या दाखल्याची प्रत आमच्याकडे आहे. कडा फाटल्यात, आजोबांनी मागून वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवलाय. ते निरक्षर होते. त्यांना त्यातली एकच ओळ पाठ होती, 'संपूर्ण उत्पन्न देवकार्यासाठी'. दरवर्षी सुगीनंतर देवळात जायचे आणि बघून यायचे, काय नवीन झालं. काही नसायचं.

इथे सगळे विचारताहेत की देव मालक कसा. मला विचाराल तर देव मालक होता म्हणून माझा आजा मालक झाला नाही. सावकाराविरुद्ध मोर्चा काढता येतो, जमीनदाराविरुद्ध घोषणा देता येतात. देवाविरुद्ध काय करणार? आजोबा माळकरी होते. त्यांना तर तक्रार करणंही पाप वाटायचं. न्यायालयात देवाच्या बाजूने वकील उभा राहिला, तो पगारी होता. आजोबा त्याच्याकडे बघून हात जोडायचे, कारण तो देवाचा माणूस.

माळावरची_बाभूळ

दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने, आईला ऐकवलं. ती म्हणाली, आपल्याही देवाच्या रानात पूर्वी कूळ होतं, त्यांचं पुढे काय झालं ते विचार. मला हे सुचलंच नव्हतं. मी फक्त देवाचं नुकसान बघत होते.

चंद्रभागेतीरी

पंढरपूरची आहे, म्हणून लिहिते. देवाच्या इच्छेचा अर्थ कुणी लावायचा हा प्रश्न आमच्या गावाने फार जवळून पाहिलाय. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून इथे उपोषणाला बसले. दहा दिवस. विरोध करणारे काय म्हणत होते? देवाला हे चालणार नाही. गुरुजी काय म्हणत होते? देवाला हेच हवंय. विठ्ठल दोन्ही बाजूंना तोच, कमरेवर हात ठेवून उभा. कागदावर त्याच्या नावाने बोलण्याचा हक्क मात्र एकाच बाजूकडे होता.

माझी आजी सांगायची, दर्शनाला गेलं की आधी हातात काय आहे ते बघितलं जायचं. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने रद्द केले. त्यावरचे खटले चालत चालत २०१४च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात संपले. चाळीस वर्षं! त्यानंतर रखुमाईच्या आणि विठ्ठलाच्या पूजेसाठी ब्राह्मणेतर आणि स्त्रिया पुजारी नेमायलाही सुरुवात झाली. आता समितीवर कोण असावं हे सरकार ठरवतं, आणि सरकार बदललं की आमच्या गावातल्या गप्पा बदलतात. घराण्याकडून काढून आपण ते राजकारणाकडे दिलं. मला अजून कळत नाही, यातून देवाच्या जवळ कोण गेलं. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला पूर्वीइतकी भीती वाटत नाही, हे डोळ्यांनी बघितलंय.

वेलिंग्टनवासी

धागा वाचताना सारखी इथली एक नदी आठवत होती. न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानलंय. माओरी लोक तिला नुसतं पाणी समजत नाहीत. डोंगरापासून समुद्रापर्यंतचं, दिसणारं आणि न दिसणारं सगळं मिळून एक, त्याला 'ते आवा तुपुआ' म्हणतात. त्यांची म्हण आहे, 'मी नदी आहे, नदी म्हणजे मी'. एकोणिसाव्या शतकापासून ते सरकारशी या नदीसाठी भांडत होते. २० मार्च २०१७ला कायद्यावर सही झाली.

योगायोग असा की त्याच दिवशी, २० मार्च २०१७ला, उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या कायदेशीर व्यक्ती असल्याचा निकाल दिला. इथल्या माझ्या माओरी सहकाऱ्याला मी आनंदाने ते सांगितलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. राज्य सरकारचं म्हणणं होतं की नदी अनेक राज्यांतून वाहते, आणि पुरात कुणी दगावलं तर भरपाईचा दावा नदीवर लावायचा का?

फरक कुठे पडला ते मला नंतर उमगलं. बाभूळताई म्हणतात तोच मुद्दा, तोंड कुणाचं. वांगानुईच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात, एक नदीकाठच्या माओरींनी सुचवलेलं आणि एक सरकारने. शिवाय नदीच्या आरोग्यासाठी तीन कोटी डॉलरचा निधी. गंगेच्या बाबतीत पालक म्हणून नेमले ते सगळे सरकारीच, नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. घाटावरचा नावाडी, कोळी, कुणीच नाही. आणि नदीत घाण सोडणाऱ्या शहरांना वेसण घालायची ती याच सरकारने.

सावळी_सकाळ

काळा_कोट यांनी १९२५चा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल सांगितला, त्याला जोडून एक तारीख ठेवते. कॅनडात सिनेटवर नेमायच्या 'व्यक्तीं'मध्ये स्त्रिया येतात का, असा खटला अल्बर्टातल्या पाच बायकांनी लढवला. १९२८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, येत नाहीत. त्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेल्या आणि १८ ऑक्टोबर १९२९ला तिथे निकाल लागला की स्त्री ही व्यक्ती आहे. म्हणजे ज्या पीठाने मूर्तीची इच्छा मान्य केली, त्याच पीठापर्यंत आणखी चार वर्षांनी बायकांना 'आम्ही व्यक्ती आहोत' हे सिद्ध करायला जावं लागलं.

हिशेबनीस म्हणतात, माणसं एकत्र राहिली की गोष्टी मानाव्याच लागतात. खरंय. पण रोमन कायद्यात गुलाम दिसत होता, बोलत होता, रडत होता, आणि कायद्याने तो वस्तू होता. मानणं आणि न मानणं हे कुणाच्या तरी हातात असतं. मला त्या हाताची भीती वाटते.

विवेकवारी

दोन दिवस लिहिलं नाही, विचार करत होतो. कुळाचा_नातू आणि सावळी_सकाळ यांच्यानंतर 'गाव मालक आहे' हे माझं उत्तर मलाच भाबडं वाटतंय. गाव म्हणजे कोण? १९४७पूर्वीच्या पंढरपुरात गाव म्हणजे कोण होतं?

पण एक प्रश्न सोडत नाही. हिशोब मागता येणं एवढाच हेतू असेल, तर साधा ट्रस्ट पुरेसा आहे. विश्वस्त, घटना, लेखापरीक्षण. देवाला मध्ये आणायची गरज काय?

काळा_कोट

प्रश्न रास्त आहे. ट्रस्ट माणसांवर चालतो, आणि माणसं मरतात, विसरतात, गाव सोडून जातात. तंजावरकडच्या पत्तूर गावची गोष्ट सांगतो. तिथलं शिवमंदिर पडीक झालेलं. १९७६ साली तिथे जमिनीत नटराजाची पंचरसी मूर्ती एका मजुराला सापडली. ती हातोहात विकली जात लंडनला पोहोचली आणि १९८२ साली कॅनडातल्या एका कंपनीने विकत घेतली. पोलिसांनी जप्त केल्यावर प्रश्न आला की मूर्तीवर हक्क सांगणार कोण? ट्रस्ट नाही, पुजारी नाही, पूजा शतकानुशतकं बंद. तरी १९९१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मान्य केलं की ते पडकं मंदिर स्वतः वादी होऊ शकतं, आणि नटराज परत आला. विश्वस्त असते तर त्यांच्याबरोबर हक्कही संपला असता. मालक मरत नाही, म्हणून चोराला 'आता विचारणारं कुणी उरलं नाही' असं म्हणता आलं नाही.

बाभूळताई, तुमच्या देवळाचा ट्रस्ट नोंदलेला आहे का ते आधी बघा. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात 'हितसंबंधी व्यक्ती' अशी व्याख्या आहे. देवळाच्या बाबतीत, जिला पूजेला हजर राहण्याचा हक्क आहे किंवा जी नेहमी हजर राहते ती. पुढे दावाच लावायची वेळ आली, तर कलम ५०खाली अशा किमान दोन व्यक्ती आणि धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते.

विवेकवारी

पत्तूरचं माहीत नव्हतं. देव नाही हे माझं मत कायम आहे, पण न मरणारा मालक लागतो हे पटतंय. एक विचारतो, व्याख्येत 'हजर राहण्याचा हक्क आहे' असं आहे ना? श्रद्धा असली पाहिजे असं कुठे नाही?

काळा_कोट

श्रद्धेचा शब्द नाही.

कुळाचा_नातू

ताई, ट्रस्टचे कागद काढाल तेव्हा ८८बचा दाखला आहे का तेही विचारा. असेल तर त्यातल्या अटी वाचा आणि रानात जुनं कूळ कोण होतं ते बघा. १९५५-५६ची पीकपाहणी बघितली तर नाव मिळेल. आईंना माझा नमस्कार सांगा.

माळावरची_बाभूळ

गेल्या आठवड्यात सुट्टी टाकून जाऊन आले. काय झालं ते लिहिते.

परिशिष्ट एकचा उतारा मिळाला. ट्रस्ट नोंदलेला आहे. पाच विश्वस्तांची नावं, पाचही जण गेलेले. शेवटचे गेले तेव्हा मी कॉलेजात होते, त्यांच्या तेराव्याला वडील जाऊन आले होते. त्यानंतर बदल अर्ज नाही, हिशोबपत्रकं नाहीत. म्हणजे देवाच्या नावाने बोलायला कागदावर पाच माणसं आहेत आणि त्यातलं एकही जिवंत नाही.

पीकपाहणी मिळाली. दादा, कुळाचं नाव आहे. त्यांचं घर आता गावात नाही. वेशीबाहेर त्यांची चुलत भावकी राहते, तिथे आईला घेऊन गेले. त्यांनी चहा केला. जमिनीचा विषय काढल्यावर घरातली म्हातारी म्हणाली, 'देवाचं होतं बाई, देवाला गेलं.' मला पुढे काही बोलता आलं नाही. तो विषय माझ्याकडून सुटणार नाही, एवढं इथे लिहून ठेवते.

मग गुरवांकडे. त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी होती, ती इथे कबूल करायला हवी. घरात म्हातारे गुरव आणि सून. मुलगा पुण्यात गाडी चालवतो. खंडाचे पैसे ठरले होते तेवढे तीन वर्षं आलेच नाहीत. मागायला गेलं की 'देवाच्याच कामाला लावले' असं उत्तर मिळतं. सून रोज पहाटे गाभारा धुते, दिवा लावते. तेल घरचं. तिने मला बाटली दाखवली, शेंगदाण्याच्या तेलाची. त्यातलंच फोडणीला आणि त्यातलंच समईला. पाऊस पडून गेला होता. ती घागर भरली होती, ती तिने कमरेवर घेऊन पिंपळाला ओतली आणि पुन्हा जागेवर आणून ठेवली.

तिला मी विचारलं, हे रान कुणाचं? ती म्हणाली, 'भैरोबाचं.' मी म्हटलं, मग हिशोब कुणी मागायचा? ती बराच वेळ वात वळत राहिली. मग म्हणाली, 'दोन सह्या लागतात म्हणालात ना?'

अर्ज तयार झालाय. काळा_कोट, मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय, एकदा नजर टाका. आत्ता फक्त नवे विश्वस्त नेमण्याची आणि हिशोबाची मागणी आहे. जुन्या कुळाची नोंद सोबत जोडली आहे. 'अर्जदाराचा हितसंबंध' या रकान्यात काय लिहावं यावर आम्ही दोघी अडलो होतो. तिने लिहिलं, 'रोज दिवा लावते.' मी लिहिलं, 'लहानपणापासून यात्रेला येते.'